बेटांवरच्या मासेमारीसाठी वादळात टिकणारी होडी, डिझाइन कुठून सुरू करू?

मेक_फायनल_नागपूर:
नमस्कार मंडळी, नागपुरात मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे. लक्षद्वीपसारख्या बेटांसाठी छोटी फायबरची होडी हा आमचा प्रोजेक्ट. २०१७ च्या ओखी वादळात खोल समुद्रात गेलेले कितीतरी मच्छीमार परत आलेच नाहीत, ते वाचल्यापासून हाच विषय घ्यायचा होता. आता ग्रुपमध्ये वाद होऊन राहिला, अर्धे म्हणतात कॅटमरान (दोन अरुंद सांगाडे शेजारी जोडलेली होडी) करू म्हणजे पलटायचा प्रश्नच नाही, अर्धे म्हणतात हल, म्हणजे होडीचा मूळ सांगाडा, जाड आणि जड करू. इकडे समुद्रातलं कळणारं कोणी नाही, प्लीज सांगा.

कोकणातून_विदर्भात:
भाऊ, जड करायचं आधी डोक्यातून काढा. इशारा आला की बेटावर माणसंच होडी ओढून माडांच्या आत नेतात, जड असली तर ती किनाऱ्यावर राहणार आणि तिथेच फुटणार. वादळात उभ्या ठेवलेल्या होड्याही खूप जातात, २०१३ च्या हैयानमध्ये फिलिपिन्सच्या मच्छीमारांच्या हजारो होड्या गेल्या. कॅटमरान कमी कलते हे खरं, पण एकदा उलटली की उलटीच राहते, समुद्रात माणसांना ती सरळ करता येत नाही.

माझ्या मते पहिला प्रश्न हा, की होडी काठोकाठ पाण्याने भरली तरी माणसांना घेऊन सरळ तरंगेल का? फायबर पाण्याच्या साधारण दीडपट जड, म्हणजे ६०० किलोचा हल पाण्यात बुडाला तरी २०० किलोच्या आसपास भार उरतो, त्यात इंजिन आणि माणसं वेगळी. १०० लिटर फोम ९५ किलोच्या वर उचलतो, त्यावरून हिशोब करा. आणि फोम तळाला भरू नका, दोन्ही बाजूंना काठाच्या खाली भरा, नाहीतर भरलेली होडी कलंडते. मागे इंजिन आहे म्हणून तिकडे थोडा जास्त.

वैनगंगाकाठ:
आमचं घर ढिवराचं, बाबा गोसेखुर्द धरणाच्या पाण्यावर मासे धरायला जातात, मी आता नागपूरला असते. दादा, फोम म्हणून थर्माकोल अजिबात घेऊ नका. पेट्रोल सांडलं की तो विरघळतो, पॉलिएस्टर रेझिन लागलं तरी खाल्ला जातो, वरून होडी धडधाकट दिसते आणि आत पोकळी. बंद पेशींचा पीयू (पॉलियुरेथेन) फोम घ्या, आणि त्या कप्प्याला उघडता येईल असं झाकण ठेवा, पाणी मुरलं का ते दरवर्षी बघता आलं पाहिजे. दुरुस्ती बेटावरच्या माणसाला हाती असलेल्या सामानात जमली पाहिजे, पार्ट मुख्य भूमीवरून यायचा तर होडी महिनोनमहिने पडून राहते आणि घरात पैसा येत नाही, हे मी घरी बघितलंय.

मेक_फायनल_नागपूर:
ताई, थर्माकोलच धरला होता आम्ही, बदलतो. अजून एक, तिकडे गळाने ट्यूना धरायला जिवंत छोटे मासे टाकीत ठेवतात, ती टाकी मधोमध आहे. चालेल?

कोकणातून_विदर्भात:
मधोमध चालेल, पण अर्धवट भरलेली असताना पाणी एका बाजूला धावतं आणि होडीला ओढत नेतं. हा परिणाम रुंदीच्या घनात वाढतो, म्हणून लांबीच्या दिशेने मधे एक उभा पडदा टाका, परिणाम चौथाईवर येतो. टाकीला समुद्राचं पाणी खेळवायला तळाशी भोकं असतात, त्यांना आतून बसणारी बुचं द्या. आणि वायरलेस, इशारा घेणारं यंत्र हे पाण्यापासून वर, कोरड्या खणात. गगन प्रणालीच्या उपग्रहांवरून खोल समुद्रात इशारे मिळवणारं जेमिनी नावाचं यंत्र २०१९ मध्ये आलं, त्याची जागा आत्ताच ड्रॉइंगमध्ये दाखवा. मॉडेल बनलं की पाण्याने भरून टाकीत सोडा आणि फोटो इथे टाका, कलते का ते बघू.