मदत हवी आहे: बरेच बिटकॉइन विकून रोख करायचे आहेत, सुरक्षित मार्ग सांगा (तातडीचे)

वाटसरू_१४ (सोमवार, रात्री ११:१२)

नमस्कार मंडळी, थेट मुद्द्यावर येतो. माझ्याकडे बऱ्यापैकी बिटकॉइन आहेत, कित्येक वर्षं नुसते पडून आहेत. आता ते विकून रोख हवी आहे आणि महिनाअखेरीपर्यंत हवी आहे, घराच्या व्यवहाराची तारीख ठरलीय. ज्याला विचारावं तो "एक्सचेंजवर टाक आणि विक" एवढंच सांगतो. ते मलाही कळतं. पण एकदम विकले तर भाव पडतो असं वाचलं, आणि एवढी रक्कम खात्यात आली की बँक खातं गोठवते असंही वाचलं. शिवाय पाठवायला गेलो की दर वेळी अडतंय. ज्यांनी स्वतः हे केलंय त्यांनी सांगा. "विकू नका, अजून वाढेल" हा सल्ला कृपया नको, निर्णय झाला आहे.

खडूफळा (११:३१)

"बऱ्यापैकी" म्हणजे किती? अर्धा की पन्नास? उत्तर त्यावर बदलतं. आणि आहेत कुठे, एक्सचेंजच्या खात्यात की तुमच्या स्वतःच्या वॉलेटमध्ये? कधी घेतले, कुठून घेतले, त्याचे कागद आहेत का? "रोख" म्हणजे हातात नोटा की बँकेत जमा? "अडतंय" म्हणजे नेमकं काय होतं? एवढं सांगितल्याशिवाय कुणी काही सांगितलं तर तो अंदाज असेल.

जुनाजाणता (११:४८)

नको म्हणालात तरी लिहितो, राहवत नाही. एकूण बिटकॉइन २ कोटी १० लाखच निघणार आहेत, पुढे एकही नाही. दर चार वर्षांनी नवीन नाण्यांचा पुरवठा निम्म्यावर येतो, २०१२, २०१६, २०२० आणि २०२४ ला आलाच. विकण्यापेक्षा ते तारण ठेवून कर्ज घ्या. घरही होईल आणि नाणीही हातची जाणार नाहीत.

गणितवेडा (मंगळवार, सकाळी ७:०५)

जुनाजाणता, तारण म्हणजे नाणी दुसऱ्याच्या ताब्यात देणं. जून २०२२ मध्ये नाणी ठेवून घेऊन व्याज आणि कर्ज देणाऱ्या सेल्सियस कंपनीने एका रात्रीत पैसे काढणं बंद केलं आणि महिन्याभरात दिवाळखोरीचा अर्ज केला. व्याज आणि कर्ज दोन्हीसाठी लोकांनी तिथे नाणी ठेवली होती. शिवाय भाव कोसळला की तारण आपोआप विकलं जातं, तेही सगळ्यात वाईट भावाला. महिनाअखेर घर घेणाऱ्या माणसाला हा सल्ला देऊ नये असं मला मनापासून वाटतं.

जुनाजाणता (७:२०)

सगळे सारखे नसतात. मी दोन वर्षं असं कर्ज चालवलंय, एकदाही त्रास झाला नाही.

वाटसरू_१४ (७:५२)

मंडळी, विषय भरकटतोय. खडूफळा यांची उत्तरं देतो. साडेसहा आहेत. २०१४ मध्ये थोडे थोडे करून घेतले, ज्या एक्सचेंजवरून घेतले ते केव्हाच बंद पडलं. वॉलेट माझंच आहे, इलेक्ट्रम नावाचं अॅप, जुन्या लॅपटॉपवर. वॉलेट परत उघडायचे गुप्त बारा शब्द वहीत लिहिलेले आहेत. पाठवायला गेलं की "व्यवहार नाकारला, नवीन आवृत्ती उतरवा" असा संदेश येतो, खाली लिंक असते. ते तांत्रिक आहे, मी बघून घेईन. माझा प्रश्न विकण्याचा आहे.

मितभाषी (७:५८)

थांबा. त्या लिंकवर क्लिक केलंत का?

मितभाषी (८:०१)

वाटसरू, हे आधी सांगा. लॅपटॉपचं नेट आत्ताच्या आत्ता बंद करा. आवृत्ती कुठली आहे?

उंबरठा (८:१५)

तोवर मूळ प्रश्नाचं सांगतो. आधी सगळं स्टेबलकॉइनमध्ये, म्हणजे डॉलरशी भाव बांधलेल्या नाण्यात, फिरवा. भाव पक्का झाला की डोकं शांत. मग हवं तसं, हवं तेवढं हळूहळू बाहेर काढा. लहान लहान रकमा काढल्या की बँकेच्या नजरेतही येत नाही.

खडूफळा (८:३३)

उंबरठा, यातलं शेवटचं वाक्य कृपया कुणी अमलात आणू नये. भाव पडू नये म्हणून विक्रीचे तुकडे करणं वेगळं आणि बँकेने सरकारला कळवायच्या मर्यादेखाली राहायला रकमेचे तुकडे करणं वेगळं. दुसरा प्रकार कित्येक देशांत स्वतंत्र गुन्हा आहे, पैसा कष्टाचा असला तरी. बँकेची यंत्रणा नेमके असेच तुकडे शोधत असते. एक मोठी, कागदपत्रांसह आलेली रक्कम चाळीस छोट्या रकमांपेक्षा लवकर सुटते.

उंबरठा (८:४०)

मी लपवायला सांगत नाहीये. पण स्टेबलकॉइनचा मुद्दा बरोबर आहे की नाही?

गणितवेडा (८:५५)

पुढच्या काही तासांत बाहेर काढणार असाल तर चालेल. महिनाभर ठेवायचं म्हणाल तर नाही. मे २०२२ मध्ये टेराचं नाणं डॉलरपासून सुटलं ते कायमचं. मार्च २०२३ मध्ये यूएसडीसीसारखं राखीव निधीवर चालणारं नाणंही ९० सेंटच्या खाली गेलं होतं, कारण त्यांची ३३० कोटी डॉलरची ठेव सिलिकॉन व्हॅली बँकेत अडकली होती. ते दोन-तीन दिवसांत सावरलं, पण त्याच दिवशी ज्याला घराचे पैसे द्यायचे असतील त्याने काय करायचं? आणि बऱ्याच देशांत एका नाण्यातून दुसऱ्यात जाणं हीसुद्धा करासाठी विक्रीच धरतात. म्हणजे हिशेबाच्या दोन नोंदी.

भाव पडण्याच्या भीतीबद्दल. एक्सचेंजवर खरेदीदारांच्या मागण्यांची रांग असते. "आहे त्या भावाला विक" अशी ऑर्डर दिली की ती रांगेतल्या सगळ्यात चांगल्या भावापासून खाली उतरत जाते. रांग विरळ असेल तर शेवटची नाणी बऱ्याच खालच्या भावाला जातात. लहान एक्सचेंजवर हा धोका खरा आहे. मोठ्या, भरपूर उलाढालीच्या एक्सचेंजवर साडेसहा बिटकॉइन ही बाजार हलवणारी ऑर्डर नाही. तरीही भाव बांधून ऑर्डर द्या आणि दोन-तीन दिवसांत अर्धा किंवा एकेक करून विका. सगळ्याला एकच भाव हवा असेल तर मोठ्या एक्सचेंजचा ओटीसी विभाग, म्हणजे रांगेबाहेर थेट सौदा करणारा विभाग, असतो. ते आकडा सांगतात, पटला तर व्यवहार. त्यांची किमान रक्कम आणि फरक आधी विचारून घ्या.

वाटसरू_१४ (दुपारी १:१०)

मीटिंगमध्ये होतो. मितभाषी, आवृत्ती २०१७ च्या शेवटची आहे. लिंकवरून फाइल उतरवली होती, पण उघडली नाही, कारण बॅटरी संपली. नेट बंद केलंय. एवढं गंभीर आहे का?

मितभाषी (१:१४)

हो. २०१८ च्या डिसेंबरपासून इलेक्ट्रमच्या जुन्या आवृत्त्यांवर हाच हल्ला चालू आहे. त्या आवृत्त्या सर्व्हरने पाठवलेला मजकूर जसाच्या तसा दाखवायच्या. चोराने आपले सर्व्हर उभे केले, व्यवहार नाकारायचा आणि सोबत खोट्या अपडेटची लिंक द्यायची. ते खोटं अॅप उघडलंत की ते सगळी नाणी त्यांच्या पत्त्यावर पाठवतं. बॅटरी संपली म्हणून तुमची साडेसहा अजून आहेत.

ती फाइल उघडू नका. तो लॅपटॉप पुन्हा नेटला जोडू नका. दुसऱ्या स्वच्छ संगणकावर मूळ संकेतस्थळावरून नवी आवृत्ती घ्या, फाइलची डिजिटल सही तपासा, मगच बारा शब्द घाला.

रानफूल (१:४०)

त्यापेक्षा सरळ हार्डवेअर वॉलेट (किल्ल्या सांभाळणारं छोटं वेगळं यंत्र) घ्या आणि त्यात बारा शब्द घाला. मी तसंच केलं, पाच मिनिटांत झालं.

मितभाषी (१:४६)

तुमचे शब्द नव्या पद्धतीचे असतील, २०४८ शब्दांच्या यादीतले. इलेक्ट्रमचे २०१४ चे शब्द वेगळ्या यादीतले आहेत. हार्डवेअर वॉलेट ते चुकीचे म्हणून परत करेल, आणि माणूस घाबरून कुठल्या तरी "शब्द दुरुस्त करणाऱ्या" साइटवर ते टाइप करतो. तिथे सगळं जातं. जुने शब्द नवं इलेक्ट्रम ओळखतं.

कोरीपाटी (२:०५)

विषय निघालाच आहे तर, १ ऑगस्ट २०१७ च्या आधीपासून नाणी ज्यांच्याकडे आहेत त्यांना तितकीच बिटकॉइन कॅशही मिळालेली असते, म्हणजे त्या दिवशी बिटकॉइनमधून फुटून निघालेलं वेगळं नाणं. वाटसरू, तुमच्याकडेही ती साडेसहा वेगळी आहेत. नक्की काढा. एक अॅप आहे, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.

मितभाषी (२:०८)

आत्ता नको. आधी खरे बिटकॉइन नव्या पत्त्यावर हलवायचे, जुन्या शब्दांचं वॉलेट रिकामं झालं की मग त्या नाण्यांचं बघायचं. आणि व्यनितून आलेलं अॅप तर अजिबात नको, मग ते कुणीही पाठवो.

कोरीपाटी (२:२०)

मी चांगल्या मनाने सांगत होतो. पण क्रम तुम्ही म्हणता तोच बरोबर आहे, मान्य.

सांजवारा (संध्याकाळी ६:३०)

खडूफळांनी विचारलेला एक प्रश्न तसाच राहिलाय. रोख म्हणजे नोटा का?

वाटसरू_१४ (६:५५)

हो, नोटाच. एक खरेदीदार मिळालाय. महिन्याभराची मेसेजवरची ओळख आहे. बाजारभावापेक्षा चार टक्के जास्त देतो म्हणतो, सगळे साडेसहा एकदम घेतो, बँकेची कटकट नाही. त्याचीच घाई चालली आहे. म्हणून तर विचारतोय.

सांजवारा (७:२२)

वाटसरू, हे तुम्ही पहिल्या ओळीत लिहायला हवं होतं. माझं सांगते. मी तीन वर्षांपूर्वी एका ओळखीच्या ओळखीतल्या माणसाला थेट विकले होते. नाणी फार नव्हती. पैसे खात्यात आले, भाव चांगला मिळाला, मी खूश. पण पैसे आले ते त्याच्या नावाच्या खात्यातून नव्हे, भलत्याच बाईच्या खात्यातून. मी विचारलं तर म्हणाला, बहिणीचं खातं आहे. अकरा आठवड्यांनी माझं खातं गोठलं. ती बाई कुणाची बहीण नव्हती. तिला फसवून माझ्या खात्यात पैसे भरायला लावले होते आणि नाणी घेऊन तो गेला होता. तिच्या दृष्टीने चोर मीच. मी त्या बाईशी बोललेय, ती रडत होती, आणि माझ्याकडे तिला द्यायला उत्तर नव्हतं. सात महिने लागले खातं सुटायला, तेही मी सगळे संदेश जपून ठेवले होते म्हणून.

नोटांमध्ये तर तेवढाही माग राहत नाही. खोट्या निघाल्या, चोरीच्या निघाल्या, वाटेत कुणी अडवलं, काय करणार? बाजारभावाने कुठेही मिळणाऱ्या वस्तूला कुणी चार टक्के जास्त का देईल? त्याच्याकडचा पैसा बँकेत नेता येत नाही म्हणूनच.

उंबरठा (७:४०)

थेट व्यवहार सगळेच वाईट नसतात. एक्सचेंजच्या पीटूपीवर (माणसा-माणसातल्या थेट विक्रीत) एस्क्रो असतो, नाणी पैसे आल्यावरच सुटतात.

सांजवारा (७:४८)

एस्क्रो नाणी सांभाळतो, आलेला पैसा कुणाचा आहे ते सांभाळत नाही. माझ्या वेळीही एस्क्रो होताच.

गणितवेडा (८:१०)

आणि घर विकणारा नोटांची बॅग घेईल का? त्याला त्याच्या बँकेत उत्तर द्यावं लागेलच. वाटसरू, आणखी एक. २०१४ ची खरेदी म्हणजे मूळ किंमत किरकोळ, जवळजवळ सगळी रक्कम नफ्यात जाणार. घराच्या हिशेबात कर धरला आहे का? विकायच्या आधी करसल्लागाराकडे जा, विकल्यानंतर नव्हे.

वाटसरू_१४ (रात्री १०:२५)

कर धरला नव्हता. खरं सांगतो, आज जेवण गेलं नाही. पण बंद पडलेल्या एक्सचेंजचे कागद आणायचे कुठून? बँक विचारेल तर दाखवू काय? म्हणूनच नोटांचा विचार केला होता, चोरी करायची म्हणून नाही.

खडूफळा (१०:५०)

हा तुमचा खरा प्रश्न, आणि त्याला उत्तर आहे. २०१४ ला एक्सचेंजकडे ज्या खात्यातून पैसे पाठवलेत त्या बँकेकडे जुना उतारा मागा. जुन्या ईमेलमध्ये नोंदणीचा किंवा पैसे काढल्याचा संदेश शोधा. बाकीचं ब्लॉकचेन, म्हणजे सगळ्या व्यवहारांची जाहीर नोंदवही, सांगते. नाणी कुठल्या दिवशी तुमच्या पत्त्यावर आली आणि त्यानंतर हलली नाहीत, हे कुणालाही दिसतं, पुसताही येत नाही. २०१६ मध्ये बिटफिनेक्स एक्सचेंजमधून चोरीला गेलेल्या १,१९,७५४ बिटकॉइनपैकी सुमारे ९४,००० सहा वर्षांनी याच नोंदींवरून माग काढत पकडले. चोराला जी नोंद बुडवते, तीच तुम्हाला तारते. पत्ता तुमचाच आहे हे दाखवायला त्या पत्त्याच्या किल्लीने एक संदेश सही करून देता येतो, ती सोय इलेक्ट्रममध्ये आहे.

तारखा, नाणी आणि व्यवहार क्रमांक यांचा दोन पानांचा तक्ता करा. विकायच्या आधी तो घेऊन बँकेत जा आणि सांगा, एवढी रक्कम अमुक एक्सचेंजकडून माझ्याच नावाने येणार आहे. बँक अशी रक्कम घेत नसेल तर तेही आधीच कळेल. आणि एक्सचेंजवर विक्री झाली की पैसे त्याच दिवशी काढायला टाका. बुडालेल्या एफटीएक्स एक्सचेंजच्या लोकांना नोव्हेंबर २०२२ मध्ये तोच एक दिवस मिळाला नाही. एमटी गॉक्स हे एक्सचेंज फेब्रुवारी २०१४ ला बुडालं आणि त्यात अडकलेल्या ग्राहकांना नाणी परत मिळू लागायला जुलै २०२४ उजाडला.

वाटसरू_१४ (शनिवार, सकाळी ९:४०)

काय झालं ते सांगतो. भावाच्या नव्या संगणकावर सही तपासून इलेक्ट्रम टाकलं. वहीतला सातवा शब्द पुसट झाला होता, पान उजेडासमोर धरून शेवटचं अक्षर लागलं. शिल्लक दिसली तेव्हा हात थरथरत होते. आधी चाचणी म्हणून ०.००१ पाठवले. पत्ता कॉपी करून चिकटवल्यावर सुरुवातीची आणि शेवटचीच नाही, मधलीही अक्षरं बोट ठेवून जुळवली. पहिलं कन्फर्मेशन (व्यवहार ब्लॉकचेनवर नोंदला गेल्याची खूण) चौदा मिनिटांनी आलं, सहा व्हायला तासाभराच्या वर गेला. एक्सचेंजने तक्ता आणि सही केलेला संदेश मागितला, दिला. बँकेतल्या बाईंनी उतारा जुन्या नोंदींतून काढून द्यायचं कबूल केलं. घर विकणाऱ्यांनी दहा दिवस वाढवून दिले, बँकेतून पैसे येणार म्हटल्यावर त्यांनाच बरं वाटलं. त्या खरेदीदाराला म्हटलं, बँकेच्या शाखेत भेटू. त्यानंतर त्याचा एकही संदेश नाही.

एक अडचण उरलीय. सगळ्या खरेदी तक्त्यात बसल्या, पण एका पत्त्यावर २०१४ च्या ऑक्टोबरमध्ये ०.३ आले आहेत, ते कुठून ते आठवत नाही. ते धरून पाठवू का?

मितभाषी (९:५२)

नको. नाण्यांच्या यादीत ती नोंद निवडून गोठवा, म्हणजे बाकीचे पाठवताना ती त्यांच्यात मिसळणार नाही. उगम सापडला की वेगळी पाठवा.

वाटसरू_१४ (११:१५)

गोठवली. आणि बायकोने आठवण करून दिली, त्या वर्षी एका मित्राने उसने घेतलेले पैसे असे फेडले होते. त्याचा नंबर आहे माझ्याकडे. संध्याकाळी फोन करतो, लिहून देईल तो.