दिवाळीच्या महिन्यातलं वाचन

'दिवाळीच्या महिन्यात घरच्या बाईला पुस्तक उघडायलाही सवड नसते' हे म्हणणं मला अर्धंच पटतं. एकटीने निवांत बसून वाचायला सवड नसते, हे खरं. पण या आश्विनात आमच्या फोंड्याच्या घरी चार पुस्तकं झाली, त्यातली तीन मोठ्याने वाचून. सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, म्हणून सुरुवात केली. चतुर्दशीच्या आदल्या रात्री मुलगा वाड्यावरच्या नरकासुराच्या पुतळ्याला कागद चिकटवायला गेला होता, नवरा आडोळीवर बसून नारळ खवत होता आणि मी वाचत होते. रोसातल्या फोवांपुरते, म्हणजे नारळाच्या रसातल्या पोह्यांपुरते, तीन नारळ होईस्तोवर दोन प्रकरणं संपली. मध्येच सासूबाई कोकणीत थांबवायच्या, "राव गो, तें परत वाच." ती ओळ दुसऱ्यांदा वाचताना मलाच नव्याने कळायची. मनात वाचताना मी ती नक्की ओलांडून गेले असते.

पुस्तकं पणजीला पाट्टोवरच्या कृष्णदास शामा ग्रंथालयातून आणते. १८३२ सालापासूनचं ग्रंथालय आहे ते, मराठी पुस्तकंही भरपूर. घरच्यांना ऐकायला काय आवडेल, हे बघूनच आता निवडते.