प्लास्टर निघालं, पण आईचं मनगट वळेना

प्रश्न (सोलापूरच्या पूर्वभागातली लेक): आई विड्या वळते. पडून उजवं मनगट मोडलं होतं, सहा आठवड्यांनी प्लास्टर निघालं. हाड जुळलंय म्हणाले, पण मूठ मिटत नाही, तळहात आकाशाकडे होत नाही. शेजारच्या मावशी म्हणतात, तेल लावून जोरात चोळा. चोळू का?

उत्तर (फिजिओथेरपिस्ट, होटगी रोड): ताई, जोरात अजिबात नको, सूज वाढेल. सोसवेल इतक्या कोमट पाण्यात दहा मिनिटं हात ठेवा, मग आईंनी स्वतःच हलवायचा. कोपर कमरेला चिकटवून तळहात हळूहळू वर-खाली करायचा. कोपर सुटलं की खांदा वळतो आणि मनगट तसंच राहतं, तेवढं बघा. बोटं आधी हुकासारखी वाकवायची, मग पूर्ण मिटायची. ताण जाणवला तर चालेल, कळ तासाभरात ओसरली पाहिजे. आग होत असेल, कातडी चकाकत असेल, सूज उतरत नसेल, तर थेट डॉक्टरांकडे.

उत्तर (विडी कामगार): माझ्या जावेचंही असंच होतं. विड्या वळायचं सूप मांडीवर घ्यायची घाई करू देऊ नका.

लेक: पण विडीची पानं कधी कापू शकेल?

फिजिओथेरपिस्ट: ओला पंचा पिळता आला की डॉक्टरांना विचारून थोडी थोडी. कात्रीला जोर लागतो, आधी नुसतं विड्या वळणं.