रनिंगचे टीशर्ट फसले, काय करू?

प्रश्न: सेलमधे पॉलिस्टरचे दोन टीशर्ट घेतले, इंदूरच्या पिपल्यापाला तलावाला दोन चकरा झाल्या की काखेत सोलवटतं, धुतले तरी वास तसाच, आणि टॅग काढला म्हणून दुकानदार परत घेईना.

उत्तर १: कपडे मऊ करायचं लिक्विड टाकता का? बंद करा, त्याचा थर बसतो मग घाम सुकत नाही. अर्ध्या बादलीत वाटीभर पांढरं व्हिनेगर, अर्धा तास भिजवा, उलटे वाळवा. काखेला व्हॅसलीन.

उत्तर २: मी सरळ बाह्याच कापल्या, टोचणारी शिवणही गेली. बाह्यांनी सायकलची चेन पुसतो.

उत्तर ३: अहो रंगपंचमीला गेरमधे, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीत, घाला की! राजवाड्यावर चिंब भिजलात तरी घरी पोचेपर्यंत वाळतात. फक्त फरशी पुसायला घेऊ नका, पाणी नुसतं पसरतं, आईच्या शिव्या खाल्ल्यात मी.