बास वाजला की हेडलाइट मंद होतात, कपॅसिटर टाकू की मोठी बॅटरी?

कराडची_स्विफ्ट
नमस्कार मंडळी. गाडी २०१६ ची पेट्रोल स्विफ्ट, बॅटरी ३५ एएच (अँपिअर-तास). मागे १२ इंची सबवूफर (खोल बासचा स्पीकर), त्याला ६०० वॅट आरएमएसचा (म्हणजे सतत देऊ शकतो तेवढ्या ताकदीचा) क्लास डी मोनोब्लॉक (एकाच चॅनलचा अ‍ॅम्प) आणि दारांच्या स्पीकरना ४ चॅनल अ‍ॅम्प, ६० वॅट प्रत्येकी. रात्री सिग्नलला उभं असताना गाण्यात किक आली की हेडलाइट नाचायला लागतात आणि आवाज वाढवला की सब मधेच एकदम मऊ पडतो. बसवणारा म्हणतो २ फॅरडचा कपॅसिटर (वीज साठवून क्षणभरात देणारा डबा) टाका विषय संपला, मेहुणा म्हणतो कपॅसिटर म्हणजे नुसता शो, मोठी बॅटरी घाल. दोन्हीला पैसे नाहीत, एकच काहीतरी होईल. काय करू?

निळा_धूर
मेहुण्याचं ऐका. मी पण कपॅसिटर लावलेला, डिस्प्लेवर निळे आकडे मस्त दिसायचे, बाकी काही नाही 😄

पाना_पक्कड
आधी गणित बघू या, मग कोणाचं ऐकायचं ते ठरवा. २ फॅरडचा खरा कपॅसिटर (खरा म्हणतोय कारण बाजारात ५ फॅरड छापलेले डबे आतून त्याच्या जवळपास पण नसतात) १४.२ व्होल्टवरून १२.५ पर्यंत उतरला तर साधारण ४५ ज्यूल देतो. तुमचा सगळा सेट हजार वॅट ओढत असेल तर ही ४५ ज्यूल म्हणजे ०.०४५ सेकंद. ४० हर्ट्झच्या बासची एक लाट २५ मिलिसेकंदाची, म्हणजे जेमतेम दोन लाटा. त्यानंतर तो रिकामा, आणि वरून त्याला परत भरायचं ओझं पण अल्टरनेटरवरच (इंजिनवर फिरून वीज तयार करतो तो). म्हणून एखादी आखूड किक असेल तर लाइटचा नाच थोडा कमी होईल, पण लांब ओढलेला बास असेल तर काही उपयोग नाही.

बॅटरीत साठा भरपूर असतो पण तिचा व्होल्टेज १२.६-१२.७ च्या आसपास, म्हणजे इंजिन चालू असताना अल्टरनेटर १४ देतोय तोवर बॅटरी काही देतच नाही, उलट घेते. व्होल्टेज खाली आला की मग ती मदतीला येते. मोठी बॅटरी घातली म्हणून १४ चे १४ राहणार नाहीत, फक्त १२ च्या खाली कोसळायचं थांबेल. इंजिन चालू असताना करंट शेवटी अल्टरनेटरच देतो आणि सिग्नलला आयडलवर (गाडी उभी, इंजिन नुसतं चालू) तो पूर्ण ताकदीने देत नाही. त्यात एसी फॅन, हेडलाइट, काचेचा डिफॉगर सगळं त्याच्यावरच.

तुमचा सेट फुल्ल वाजला तर मोनोब्लॉक ८० टक्के आणि ४ चॅनल ६० टक्के कार्यक्षम धरून बॅटरीकडून ८० अँपिअरच्या वर जातील. गाण्यात सरासरी त्याच्या तिसऱ्या हिश्शाएवढीच पडते, त्यामुळे घाबरू नका, पण किकच्या क्षणी मात्र तेवढा ओढा येतोच.

टापकीर_गल्लीतला
वायर कुठली टाकलीय ते कोणी विचारलंच नाही! कराडवाले दादा, वायर किटवर "१५०० वॅट" लिहिलेलं आहे का? त्यात बहुतेक वेळा अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा असतो, आणि वरचं कव्हर इतकं जाड की आतली तार दिसायला ४ गेज आणि असते ८ (गेजचा आकडा लहान तेवढी वायर जाड). ८ गेज मुलाम्याची ५ मीटर वायर ६० अँपिअरला सुमारे १ व्होल्ट खाते. तेच खऱ्या तांब्याची ४ गेज टाका, पाव व्होल्ट.

मल्टीमीटर घ्या, पोराला अ‍ॅक्सिलरेटरवर बसवू नका, आयडललाच ठेवा. हेडलाइट एसी चालू, ५० हर्ट्झचा टोन लावा, आवाज नेहमी ऐकता तेवढा. बॅटरीच्या टर्मिनलवर किती येतंय आणि अ‍ॅम्पच्या टर्मिनलवर किती ते बघा. मधे अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक असेल तर कपॅसिटर पण नको बॅटरी पण नको, वायर बदला.

निळा_धूर
पण हेडलाइट तर बॅटरीवर आहेत ना, अ‍ॅम्पच्या वायरमुळे ते कसे मंद होतील?

टापकीर_गल्लीतला
बरोबर, म्हणूनच दोन रीडिंग सांगितले. लाइट मंद होणं आणि सब मऊ पडणं ही दोन वेगळी दुखणी असू शकतात.

अर्टिगा_स्मार्ट
मधेच विचारतो, माझी स्मार्ट हायब्रिड आहे, नुसता चालवतानाच व्होल्टेज कधी १४ च्या वर कधी १२.६ दिसतो, अल्टरनेटर खराब आहे का?

पाना_पक्कड
खराब नाही, इंधन वाचवायला ती गाडी मुद्दामच चार्जिंग कमी-जास्त करते. तिथे अ‍ॅम्पचा निगेटिव्ह थेट बॅटरीच्या खांबाला लावू नका, बॉडीला लावा, कारण निगेटिव्हवर करंट मोजणारा सेन्सर असला तर त्याला कळायला हवं किती जातंय. हायब्रिडच्या लिथियम बॅटरीला तर हातच लावायचा नाही.

कराडची_स्विफ्ट
मोजलं. बॅटरीवर टोन चालू असताना १३.६, अ‍ॅम्पवर १२.४! वायर उघडली, आत चंदेरी दिसतंय 😐 अर्थिंग, म्हणजे बॉडीला जोडायची निगेटिव्ह वायर, सीटबेल्टच्या बोल्टला दिलेलं होतं.

टापकीर_गल्लीतला
१.२ व्होल्ट मधेच जातायत. अर्थिंग आधी सीटबेल्टच्या बोल्टवरून काढा, तो जीव वाचवायचा बोल्ट आहे, अर्थिंगसाठी नाही. डिकीत पत्र्याला वेगळी जागा बघा, रंग खरवडून चकचकीत करून नट-बोल्टने आवळा, वायर अर्ध्या मीटरच्या आत. पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह दोन्ही ४ गेज तांब्याची, आणि फ्यूज बॅटरीपासून हातभर अंतराच्या आतच, नाहीतर वायर कुठे घासली तर आग. उरलेल्या पैशात बॉनेटखालच्या तीन वायरी, म्हणजे अल्टरनेटर ते बॅटरी, बॅटरी ते बॉडी आणि इंजिन ते बॉडी, यांना जोडीने जाड वायर द्या. लाइटचा नाच त्याने पण बराच कमी होतो.

पाना_पक्कड
आणि एवढं करून पण बॅटरीवर १२.८ च्या खाली जात असेल तर मग अल्टरनेटर. बॅटरी मोठी घ्यायचं एकच खरं कारण, इंजिन बंद ठेवून वाजवायचं असेल. तेव्हा एजीएम (सीलबंद प्रकारची बॅटरी) घ्या, आणि दुसरी डिकीत ठेवणार असाल तर सीलबंदच, साध्या अ‍ॅसिडवाल्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि बंद गाडीत ते नको.

कराडची_स्विफ्ट
मेहुण्याला सांगतो, तू आणि बसवणारा दोघं पण हरलात म्हणून. ४ गेज तांब्याची खरी कशी ओळखायची, दुकानात?

टापकीर_गल्लीतला
टोकाची तार ब्लेडने खरवडा, आत पण लाल निघाली पाहिजे. दुकानवाला खरवडू देत नसेल तर पुढच्या दुकानात जा.