मदत हवी आहे: द्राक्षबागायतदारांच्या मेळाव्यात श्रोत्यांना धरून ठेवेल असे कसे बोलावे?

नमस्कार मंडळी,

मी नाशिकची. कृषी पदवीधर असून गेली सहा वर्षे निफाड आणि दिंडोरी तालुक्यांतील द्राक्षबागायतदारांना पीकसंरक्षणाबाबत सल्ला देते. येत्या सप्टेंबरमध्ये, गोडी छाटणीच्या (फळे धरण्यासाठी केल्या जाणाऱ्या छाटणीच्या) तोंडावर, एका गावच्या मेळाव्यात डाऊनी या द्राक्षावरील बुरशीजन्य रोगावर ४० मिनिटे बोलण्यासाठी मला बोलावले आहे.

गेल्या वर्षी अशाच एका मेळाव्यात मी पडद्यावर तीसएक स्लाइड दाखवल्या. बुरशीच्या जीवनचक्रापासून सुरुवात केली, मग तिला पोषक हवामान, मग औषधांचे गट, असे क्रमाने सांगत गेले. दहाव्या मिनिटाला मागच्या रांगेतील लोकांनी मोबाइल काढले आणि विसाव्या मिनिटाला काही जण उठून चहाकडे वळले. कार्यक्रम संपल्यावर मात्र एका शेतकऱ्याने पिशवीतून आपल्या बागेतले पान काढून माझ्यापुढे धरले आणि ‘ताई, हा डाग कशाचा?’ असे विचारले. पानाच्या वरचा तेलकट पिवळसर डाग आणि त्याच्या बरोबर खालच्या बाजूची पांढरी बुरशी दाखवत मी बोलू लागले, तेव्हा बघता बघता पंधरा-वीस जण भोवती जमले आणि अर्धा तास कोणी हलले नाही. विषय तोच, माणसेही तीच. मग व्यासपीठावर माझ्या बोलण्यातून नेमके काय निघून जाते?

लहानपणी मी वडिलांबरोबर मे महिन्यात गोदाघाटावरच्या वसंत व्याख्यानमालेला जात असे. एखादा वक्ता वाक्याच्या मध्येच थांबला की सारे पटांगण त्याच्या पुढच्या शब्दाची वाट पाहत असे, हे मला अजून आठवते. मला स्वतःला अशा थांबण्याची भीती वाटते. माझ्या भाषणाचे ध्वनिमुद्रण ऐकले, तेव्हा दोन वाक्यांमधली प्रत्येक जागा मी ‘म्हणजे’ आणि ‘तर’ यांनी भरून काढल्याचे लक्षात आले.

माहिती कमी करावी, असे काही स्नेह्यांनी सुचवले. पण फुलोऱ्याच्या सुमारास पाऊस झाला आणि डाऊनी घडांवर गेली तर बागायतदाराचा हंगाम हातचा जातो. मी वगळलेली एखादी गोष्ट कोणाच्या नुकसानीचे कारण ठरेल, या काळजीने मला काहीच गाळता येत नाही. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद:

ताई, मी निवृत्त शिक्षक आहे. त्या दिवशी कार्यक्रमानंतरचे बोलणे शेतकऱ्याच्या प्रश्नापासून सुरू झाले, तर भाषण बुरशीपासून. माझ्या मते फरक इथेच पडला. सप्टेंबरमध्ये जुन्या पानांवर डाग सहज सापडतील. तशी पाने बंद पारदर्शक पिशव्यांत घालून, म्हणजे रोग एका बागेतून दुसरीत जाणार नाही, प्रत्येक रांगेत एक पिशवी फिरवावी. ‘हा डाग कशाचा?’ असे आपणच विचारावे आणि मनात पाच अंक मोजेपर्यंत काहीही बोलू नये. प्रश्नानंतरची शांतता श्रोत्यांना विचार करायला मिळालेला वेळ असते, त्यामुळे ती आपल्याला जेवढी लांब वाटते तेवढी त्यांना वाटत नाही.

आपली काळजी रास्त आहे, पण औषधांचे प्रमाण किंवा शेवटच्या फवारणीपासून काढणीपर्यंतचे दिवस कोणी ऐकून लक्षात ठेवत नाही. ते एका कागदावर छापून द्यावे, आणि तोही शेवटी, नाहीतर माना खाली जातात. सराव आरशासमोर करण्यापेक्षा ओळखीच्या एखाद्या बागायतदारासमोर, बांधावर उभे राहून करावा.

धागाकर्ती:

सर, मनःपूर्वक आभार. कागदाची सूचना मला फार उपयोगाची वाटते, कारण त्यामुळे गाळण्याची भीती उरत नाही. एकच शंका राहते. मी प्रश्न विचारल्यावर एखाद्या ज्येष्ठ बागायतदाराने डाऊनीच्या डागाला ‘ही भुरी आहे’, म्हणजे दुसराच बुरशीजन्य रोग आहे, असे ठामपणे सांगितले, तर गावासमोर त्यांचा मान राखून ते दुरुस्त कसे करावे?