चार तोंडांचा टॉवर घ्या म्हणे!

औंढेकर: काल एकानं लिहिलं, ‘दोन ड्रायव्हरचे स्पीकर म्हणजे खेळणी, हॉलला निदान चार हवेत.’ (ड्रायव्हर म्हणजे स्पीकरच्या पेटीतलं आवाज काढणारं एकेक तोंड.) डोकं सणकलं. अहो, दहा बाय बाराच्या खोलीत चार तोंडं कशाला? वीस हजारांत दोन ड्रायव्हर बरे मिळतात, चार घेतले तर चारही फुसके. बीबीसीनं १९७०च्या दशकात आपल्या व्हॅनमध्ये ऐकायला केलेला एलएस३/५ए हा स्पीकर दोनाचाच! मीही चार तोंडांचा टॉवर, म्हणजे उंच उभा स्पीकर, आणला होता. खरखर आली म्हणून स्क्रू खोलले, तर खालच्या दोन कोनांना मागं वायरच नाही. नुसती शोभा.

वायरमन: दुकानदारानं गंडवलं, त्यात ड्रायव्हरचा काय दोष? एकाच वूफरवर, म्हणजे जाड आवाजाच्या मोठ्या ड्रायव्हरवर, बेस आणि गळा दोन्ही लादले की पखवाजाच्या थापेबरोबर गळाही थरथरतो. थ्री-वेत, म्हणजे आवाज तीन भागांत वाटणाऱ्या स्पीकरात, गळ्याला वेगळा ड्रायव्हर असतो. अभंग लावून बघा.

माळकरी: आमच्या सप्त्यात लिंबावर एक भोंगा बांधला की कीर्तनातला शब्द न् शब्द शिवारात जातो. ड्रायव्हर एकच.

नांदेडचा गडी: भोंग्यात बेस कुठं राव? पत्रा वाजल्यावानी. वरातीला आठ बेस लागतातच.

माळकरी: तुमच्या त्या आठांपायी आमची म्हैस दावं तोडून पळाली. दोन दिवस धार दिली नाही. रात्री दहाला बंद करायचा नियम २००० सालचा आहे, वाचा कधीतरी.

नांदेडचा गडी: पुढचंही वाचा की माउली, सकाळी सहापर्यंत बंद. साडेचारला काकडा कोण लावतं?

माळकरी: देवाच्या नावाची आन् तुमच्या धिंगाण्याची बरोबरी करता? लाज वाटू द्या!

नांदेडचा गडी: म्हशीला काय कळतं, अभंग का डीजे?

वायरमन: झालं, धागा गोठ्यात गेला. औंढेकर, आहात का?

औंढेकर: आहे. गळ्याचं म्हणणं मान्य, नाइलाजानं. पण तीन ड्रायव्हरांचा आवाज एकजीव व्हायला लांब बसावं लागतं. माझी खुर्ची चार फुटांवर. इतक्या जवळून ट्विटर (बारीक आवाजाचा ड्रायव्हर) एकीकडं, वूफर दुसरीकडं ऐकू येतो.

वायरमन: मग खुर्ची मागं सरकवा की!

औंढेकर: मागं ज्वारीची पोती आहेत. ती हलवली तर खोली घुमते, आन् घरचे बोलतात ते वेगळंच.